कार्यशाळेचे पैसे बाथरूमच्या दारात खर्च करा

पत्र

ताई, नमस्कार.

नाशिकला दिंडोरी रस्त्यावर बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचं आमचं निवासी केंद्र आहे. अठ्ठावीस जण राहतात. सगळ्यात धाकटा एकोणीस वर्षांचा, सगळ्यात थोरल्या आजी त्रेसष्टच्या. मी गेल्या वर्षी अधीक्षिका म्हणून रुजू झाले. माझं शिक्षण समाजकार्याचं, विशेष शिक्षणाचं नाही. सांभाळायला सात मावशी आणि चार दादा आहेत. बहुतेक जण जवळच्या गावांतले, आठवी-दहावी शिकलेले. मनाने चांगले आहेत, पण 'दम दिल्याशिवाय हे ऐकत नाहीत' हे त्यांचं ठाम मत. मागच्या महिन्यात एका दादाने डाउन सिंड्रोम असलेल्या एकतीस वर्षांच्या रहिवाशाला दंडाला धरून फरफटत बाथरूममध्ये नेलं. तो रोज सकाळी बाथरूमच्या दारात फतकल मारून बसतो, उठतच नाही. दंडावर वळ उठले. मी दादाला रागावले, तर तो म्हणाला, "मग तुम्हीच घाला त्याला आंघोळ." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वर्षातून एकदा तज्ज्ञांचं व्याख्यान होतं, प्रमाणपत्रं वाटतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी सगळं तेच. यंदा विश्वस्त मुंबईहून तज्ज्ञ बोलावून दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायचं म्हणतात. प्रशिक्षणाचे वर्षभराचे पैसे त्यातच संपतील. शिवाय शिकवलेली माणसं टिकत नाहीत. सातपूर-अंबडला कंपनीत चार पैसे जास्त मिळाले की निघाली. मी काय करू? आणि मलाच हे येत नसेल तर दुसऱ्याला कसं शिकवू?

ता.क. रंगपंचमीला काही जणांना बाहेर न्यावं असं मला वाटतं. कर्मचारी म्हणतात, नकोच ती कटकट.

एक अधीक्षिका, नाशिक

उत्तर

नमस्कार ताई,

कार्यशाळा रद्द करा, निदान यंदा तरी. विश्वस्त थोडे नाराज होतील, मुंबईच्या पाहुण्यांना नको म्हणताना जीभ अडखळेल, पण ते पैसे तुम्हाला दुसरीकडे लागणार आहेत. रोज सकाळी दोन-तीन तासांसाठी एक जास्तीचा माणूस ठेवायला. तो कशाला, ते ओघात येईलच.

व्याख्यानाने काही बदललं नाही याचं मला नवल वाटत नाही. पोळी कशी लाटावी यावर दोन तास भाषण ऐकून कुणाची पोळी गोल झालेली नाही. तुमच्या मावशींनी पोरं वाढवली असतील, एखादीने अंथरुणाला खिळलेल्या सासूचं वर्षानुवर्षं केलं असेल. त्यांना माया शिकवायला नको, अक्कल तर नकोच नको. पण बुद्ध्यांक सत्तरच्या खाली, रोजच्या व्यवहारात अडचण, हे सगळं वाढीच्या वयातच सुरू झालेलं, ही व्याख्या तोंडपाठ झाली तरी सकाळी सहाला सहा जण टॉवेल घेऊन उभे असतात तेव्हा तिचा काडीचा उपयोग नसतो. हाताचं काम अंगी बाणवायचं तर आधी सांगावं लागतं, मग करून दाखवावं लागतं, मग समोरच्याकडून करवून घ्यावं लागतं आणि शेवटी तिथल्या तिथे 'हे छान जमलं, इथे घाई झाली' असं बोलावं लागतं. आपल्याकडे पहिली पायरी झाली की चहा-समोसा येतो आणि प्रमाणपत्रं वाटायला सुरुवात होते.

त्या दादाच्या बोलण्याचा राग धरू नका. "मग तुम्हीच घाला" हे उर्मट वाटतं खरं, पण त्याने नकळत बरोबर तेच मागितलंय: कुणीतरी मला करून दाखवा.

वळांचं मात्र असं सोडून देता येणार नाही. ते नोंदवहीत आले का? डॉक्टरांनी पाहिलं का? घरच्यांना कळवलं का? तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. झालं नसेल तर आज करा, उशीर झाला तरी करा. घरचे रागावतील, रागावू द्या. लपवलेला वळ नंतर बाहेर आला तर ते तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि त्यांचं काही चुकणारही नाही.

आता दारात बसणाऱ्या त्या तरुणाकडे येऊ. पहिला प्रश्न असा, की तो आधीपासून असाच बसायचा की हे नवीन आहे? वर्षभरापूर्वी निमूट आंघोळ करणारा माणूस अचानक अडून बसायला लागला, तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं नेहमीचं आहे. त्याने माणूस सुस्त होतो, थंडी सोसत नाही. ऐकू कमी येतं, मोतीबिंदू लवकर होतो, आणि ओली फरशी नीट दिसत नसेल तर कुणीही दारात थबकेल. आणखी एक गोष्ट तुमच्या चारही दादांना माहीत हवी: काही जणांच्या मानेतल्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. अशा माणसाला हिसका देऊन ओढलं तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. चाल बदलली, हातापायातली ताकद कमी वाटली, लघवीवरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नका. आणि डाउन सिंड्रोम असलेल्यांना स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा बराच लवकर, चाळिशी-पन्नाशीतच गाठू शकतो. तुमच्याकडे त्या वयाचे कुणी असतील तर 'हल्ली विसरायला लागलाय, आळशी झालाय' या तक्रारीकडे त्या नजरेने पाहा.

दुखण्याला स्वभाव समजायची ही सवय फक्त मावशी-दादांची नाही. चांगले शिकलेले डॉक्टरही 'यांच्यात असंच असतं' म्हणून परत पाठवतात. तेव्हा तपासणीला जाताना त्या माणसाला रोज पाहणाऱ्या मावशीला बरोबर न्या आणि तिला बोलू द्या.

तपासण्यांत काही निघालं नाही तर वही काढा. साधी दोनशे पानी. पानावर तीन रकाने आखा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. एकच नियम पाळायचा, तो म्हणजे डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिहायचं. 'हट्ट केला', 'नाटक केलं', 'मुद्दाम बसला' हे त्या वहीत चालणार नाही. ज्या मावशीला लिहायचा कंटाळा आहे तिने तुम्हाला तोंडी सांगावं, तुम्ही लिहा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मात्र हे टाकायचं नाही. रहिवाशाचं नाव आणि त्याच्या आंघोळीची हकिकत अकरा मोबाइलमधून फिरायला नको.

एक पान कसं दिसावं, ते नमुना म्हणून लिहून दाखवते:

"बुधवार, सकाळी सहा वीस. बाहेर चार जण रांगेत. दादाने लांबून हाक मारली, मग जवळ येऊन शर्ट काढला. आत बादलीत नळ जोरात सुरू. तो उंबऱ्यावर बसला, दोन्ही हात कानांवर. तीनदा ओरडून सांगितलं. उठला नाही. सात वाजले, ड्यूटी बदलली, तसाच सोडला. चहा प्यायला, नंतर शांत."

या सहा-सात ओळींत किती मिळालं बघा. हात कानांवर आहेत, म्हणजे फरशीच्या कोंदट खोलीत घुमणारा नळाचा आवाज त्याला सोसत नसावा. शर्ट चार जणांसमोर, काही न सांगता काढला. आणि शेवटी त्याला सोडून दिलं, म्हणजे बसून राहण्याचा त्याला फायदा झाला. माणसाच्या अशा वागण्यामागे बहुधा चारांतलं एखादं कारण सापडतं. नको असलेल्या गोष्टीतून सुटका हवी असते, कुणाचं तरी लक्ष हवं असतं, एखादी वस्तू हवी असते, नाहीतर शरीरालाच काहीतरी बरं किंवा वाईट वाटत असतं. बोलता येणारा माणूस 'नळ बंद करा हो' म्हणेल. हा दारात बसतो. दहा-बारा दिवसांची पानं समोर ठेवून मावशी-दादांना एकत्र बसवा आणि विचारा, तुम्हाला काय वाटतं? तुम्ही गप्प राहा. सुरुवातीला कुणी बोलणार नाही. मग एखादी म्हणेल, "ताई, रविवारी नऊला नेला होता तेव्हा बसला नव्हता." कार्यशाळेत मिळणार नाही असं प्रशिक्षण तिथे सुरू होतं.

त्या पानावर अजून एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या अखत्यारीतली आहे, दादाच्या नाही. तुमच्याकडेही बहुधा असंच असेल: सात वाजता ड्यूटी बदलते म्हणून सहाला सगळ्यांच्या आंघोळी. का? डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो आणि आपल्याकडेही हुडहुडी भरते. तशा थंडीत पहाटे सहाला चौघांसमोर उघडं व्हायला मलाही आवडणार नाही. अठ्ठावीस जणांपैकी निम्म्यांच्या आंघोळी नाश्त्यानंतर किंवा दुपारी चारला झाल्या तर आभाळ कोसळणार नाही. कर्मचारी वाईट वागतात म्हणून आपण त्यांना प्रशिक्षण द्यायला धावतो, आणि त्यांना वाईट वागायला भाग पाडणारं वेळापत्रक भिंतीवर तसंच राहतं.

वेळ बदलली, बादली आधीच कोमट पाण्याने भरून ठेवली, खाली रबरी चटई टाकली, रोज एकच दादा ठरवला, की मग शिकवायला घ्या. आंघोळीचे बारीक तुकडे पाडा: टॉवेल घेणे, आत जाणे, शर्ट काढणे, मगात पाणी भरणे, आधी पायांवर पाणी, नंतर हात, असं अंग पुसून शेवटी शर्ट घालण्यापर्यंत. प्रत्येक तुकड्याला तो स्वतः किती करतो ते पाहा. नुसतं सांगून होतं का, बोटाने दाखवावं लागतं का, करून दाखवावं लागतं का, की हातावर हात ठेवून करवून घ्यावं लागतं? जेवढी लागेल तेवढीच मदत, त्यावर एक रतीही नाही. आणि शिकवायला शेवटून सुरुवात करा. बाकी सगळं दादाने करावं, शेवटी शर्ट त्याने स्वतः घालावा आणि शाबासकी घेऊन बाहेर पडावं. ते जमलं की त्याच्या आधीचं अंग पुसणं. अशाने रोजची आंघोळ त्याच्यासाठी यशावर संपते.

सगळ्यात अवघड शिकवणी पुढेच आहे: थांबणं. एकदा सांगितल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं, मगच पुन्हा बोलायचं. ऐकलेलं समजून अंगात उतरायला काहींना तेवढा वेळ लागतोच. आपण दुसऱ्या सेकंदाला तेच परत म्हणतो, तिसऱ्यांदा आवाज चढवतो, आणि मग 'ऐकत नाही' असा शेरा मारतो. तुमच्या केंद्रात एक दिवस नुसतं हे मोजा, किती जण दहापर्यंत थांबू शकतात. मी सांगते, पहिल्या दिवशी तुम्हीसुद्धा नाही थांबणार.

तुम्ही विचारलंय, मलाच येत नाही तर शिकवू कसं? तुम्ही शिकवायचं नाही, शोधायचं. प्रत्येक केंद्रात एखादी मावशी अशी असते की तिने नुसती हाक मारली तरी सगळे उठतात. बाकीच्या म्हणतात, "तिचं ते ऐकतात बाई." ती नेमकं काय करते ते तिला स्वतःला सांगता येत नाही, कारण आपण काही विशेष करतो असं तिला वाटतच नाही. दोन-तीन सकाळी तिच्यामागे वही घेऊन उभ्या राहा. ती खाली वाकते, आधी टॉवेल दाखवते, हात लावण्याआधी सांगते, थांबते. हे लिहून तिलाच वाचून दाखवा. मग नवीन येणारा प्रत्येक जण तिच्या हाताखाली काम शिकेल. पहिला आठवडा त्याला कुणाबरोबरही एकटं ठेवायचं नाही. सुरुवातीचे काही दिवस तर त्याने फक्त रहिवाशांबरोबर बसावं, जेवावं, गप्पा माराव्यात, पत्ते खेळावेत. त्या वेळात मावशीचं नेहमीचं काम कोण करणार? तो सकाळचा जास्तीचा माणूस. कार्यशाळेचे पैसे इथे लागतात.

आणि त्या मावशीला पदनाम द्या, महिन्याला वेगळे पैसे द्या, बैठकीत खुर्ची द्या. खुर्चीचं मुद्दाम लिहिलं. विश्वस्त खुर्च्यांवर, मावशी दाराला टेकून उभ्या, असं दृश्य कितीतरी संस्थांत दिसतं, आणि तिथेच 'आमचा स्टाफ पुढाकार घेत नाही' अशी तक्रारही ऐकू येते.

प्रत्येक रहिवाशाचं एक पान तयार करा. फाइल नको, एकच पान. तो 'हो' कसं सांगतो, 'नको' कसं सांगतो, दुखलं तर काय करतो, संडासला जायचं असेल तर काय खूण करतो, काय आवडतं, कशाला घाबरतो. घरच्यांना विचारून, मावशींशी बोलून लिहा, आणि जमेल तिथे त्याला स्वतःलाच विचारा. पान त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. हॉलच्या भिंतीवर नको, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचायची ती गोष्ट नाही. नवीन दादाला पहिल्या दिवशी अठ्ठावीस नावांऐवजी चार पानं वाचायला दिलीत तर तो जास्त लवकर तयार होईल.

भरवण्याचा एक प्रयोग जरूर करा. सगळ्यांना जोडीने एकमेकांना वरण-भात भरवायला लावा. भरवणारी उभी, खाणारी बसलेली, तोंडातला घास संपायच्या आत दुसरा चमचा पुढे, आणि भरवणारीने मध्येच तिसरीशी गप्पा मारायच्या. आधी हशा पिकतो, अर्ध्या मिनिटात थांबतो. मग समोर बसून, चमचा खालून आणून, गिळलेलं पाहून पुढचा घास, असं करून बघा. यावर वेगळं बोलावं लागत नाही.

जेवणावरून आठवलं. दिंडोरी रस्त्याला आहात म्हणजे जानेवारी ते एप्रिल द्राक्षांच्या पेट्या दारात येणारच. देणारे प्रेमाने देतात. पण ज्याला नीट चावता येत नाही किंवा जो अधाशीपणे गिळतो, त्याच्यासाठी अख्खं द्राक्ष धोक्याचं. ते गोल आणि गुळगुळीत असतं, घशात बरोबर बसतं. उभं चिरा, दोन नाही तर चार तुकडे करा. खिचडीतले शेंगदाणे कुटून घाला, चिवडा प्रत्येकाच्या हातात देऊ नका, जेवताना पाठ ताठ हवी आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. घास अडकला तर पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा, तरी निघाला नाही तर पोटावर दाब. हे मात्र माझ्या लेखावरून शिकू नका. जवळच्या रुग्णालयातल्या अनुभवी नर्सला अर्धा दिवस बोलवा आणि प्रत्येकाकडून करवून घ्या. इथे बाहेरच्या तज्ज्ञाचे पैसे वसूल होतात.

तसंच फिटचं. अजूनही कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, दातांत चमचा घालतात. यातलं काहीही करायचं नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला, डोक्याखाली मऊ काहीतरी, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि एकाने घड्याळाकडे बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो कुठे ठेवलाय आणि कसा द्यायचा हे रात्रपाळीच्या माणसाला माहीत हवं, कारण तेव्हा तुम्ही नसता. महिन्यातून एकदा एका दादाला जमिनीवर झोपवून तालीम करा.

तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही, ती म्हणजे बद्धकोष्ठता. न बोलणारा माणूस संध्याकाळी भिंतीवर डोकं आपटतो, ताट ढकलतो, आणि आपण मानसोपचाराच्या गोळ्या वाढवून घ्यायला निघतो. कधी कधी त्याचं पोट चार दिवस साफ झालेलं नसतं, इतकंच. त्यातल्या काही गोळ्यांनीच पोट आणखी बांधलं जातं. संडासच्या आतल्या बाजूला नुसत्या खुणांचा तक्ता लावा आणि तीन दिवस खूण नसेल तर तुम्हाला कळवायचं, असा नियम करा.

आता दम देण्याबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ९२ मध्ये अपमान करण्याच्या हेतूने बळ वापरणं आणि आपल्या ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न-पाणी नाकारणं हे दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड. 'ऐकला नाहीस तर आज जेवण नाही' हे वाक्य सहज बोललं जातं, म्हणून हे सर्वांना साध्या मराठीत वाचून दाखवा. पण कायद्याचा कागद भिंतीवर लावून हात थांबत नाही. सोळा तासांची ड्यूटी झालेला, रात्री तीनदा उठलेला माणूस सकाळी हात उगारतो. त्याला वाट करून द्या: 'मला आता जमत नाहीये, कुणीतरी या' असं म्हणणं हा कमीपणा नाही, हे तुम्ही स्वतः चार जणांत म्हणून दाखवा. ज्याने वेळीच हाक मारली त्याचं कौतुक करा. हात उचलला तर मात्र नोंद आणि चौकशी झालीच पाहिजे, माणूस कितीही जुना आणि कितीही गरजेचा असो.

आणि दारं. स्त्रियांचं स्त्रियांनी करायचं, दार लावून करायचं, हात लावण्याआधी सांगायचं. 'लहान लेकरासारखे आहेत, त्यांना काय कळतंय' असं म्हणत त्रेसष्ट वर्षांच्या आजींना दार उघडं टाकून आंघोळ घालायची नाही. शिवाय आपल्या शरीराला कुणीही, केव्हाही हात लावायचा असतो अशी सवय झालेल्या बाईला वाईट स्पर्श ओळखता तरी कसा येणार?

माणसं टिकत नाहीत याला प्रशिक्षणाचं औषध नाही. पगार कमी असेल तर ती जाणारच आणि त्यांनी जावंही. निदान सरकारने ठरवलेलं किमान वेतन आणि आठवड्याची सुट्टी मिळते का, हे आधी तपासा. त्यानंतर एक करता येईल: ठरलेली कामं प्रत्यक्ष करून दाखवली की पगारात छोटी वाढ. फिटची तालीम, भरवणं, तीन रकान्यांची वही, एका रहिवाशाला एक नवीन गोष्ट शिकवणं. लेखी परीक्षा नको, करून दाखवायचं. आणि 'शिकवलेली माणसं जातात' म्हणणाऱ्या विश्वस्तांना विचारा, न शिकवलेली राहिली तर काय होईल?

कागदोपत्री प्रमाणपत्र हवंच असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा काळजीवाहकांसाठीचा अभ्यासक्रम आहे, राष्ट्रीय न्यासाची 'सहयोगी' ही प्रशिक्षण योजना आहे, आणि सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत आहे. एक-दोघांना तिकडे पाठवा, अकराच्या अकरा जणांना नको. रहिवाशांचं 'निरामय' आरोग्य विम्याचं नूतनीकरण झालंय का तेही पाहा, लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं. आणि आपल्याच गावात १९७७ साली रजनी लिमये यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. या कामाची नाशिकला इतकी जुनी ओळख असताना पहिला फोन मुंबईला कशाला? गावातल्या संस्थांना विचारून तुमच्या मावशींना एकेक दिवस तिथे नुसतं बसायला पाठवा. मावशी मावशीकडून जे शिकते ते माझ्यासारखीकडून शिकत नाही.

रंगपंचमीचं कर्मचाऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जुन्या नाशिकातल्या रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदावर, अठ्ठावीस जण नेणं म्हणजे कटकटच, आणि ज्याला फिट येते त्याला त्या पाण्याच्या जवळपासही न्यायचं नाही. पण ज्यांना जायचंय ते कोण, हे विचारलंय का कुणी त्यांना? फोटो दाखवून विचारा. चौघं निघाले तर चौघं जातील, दोन दादा बरोबर, लांबून बघतील, रंग लावून घेतील, मिसळ खाऊन परत येतील. ज्यांना आवाज सोसत नाही त्यांनी अंगणात कोरडा रंग खेळावा नाहीतर आत टीव्ही बघावा.

पगारवाढीचा आणि सकाळच्या जास्तीच्या माणसाचा प्रस्ताव मात्र लगेच लिहायला घ्या. नवीन वर्षाचं अंदाजपत्रक मार्चअखेर ठरेल. त्याआधी विश्वस्तांपैकी निदान एकाला सकाळी सहाला केंद्रावर बोलवा आणि सगळ्यांच्या आंघोळी उरकेपर्यंत थांबवून घ्या.